बसूची मराठी

आमच्या मावसांएवढा भित्रा माणूस सिंदफणेच्या अलीकडे झाला नाही, आणि पलीकडे झाला असेल तर तो नदी ओलांडायला भिऊन इकडे कधी आला नसेल. नदीला वर्षातले बरेच महिने पाणी नसतं ही गोष्ट वेगळी. मावसांच्या मते कोरडी नदी जास्त वाईट, कारण ती बेसावध गाठते. आभाळात ढग आले की वीज पडेल म्हणून ते घरात जाऊन बसायचे, आणि ढग आले नाहीत की दुष्काळ पडेल म्हणून दारात येऊन बसायचे. आभाळानं त्यांच्यासाठी तिसरी सोयच ठेवली नव्हती. विहिरीत डोकवायचं तर दहा पावलं लांबून. आमच्या शिरूर कासारच्या बाजूच्या विहिरी उन्हाळ्यात ठणठणीत कोरड्या. मी एकदा म्हटलं, "मावसा, आत पाणी नाही." तर म्हणाले, "पडायला पाणी कशाला लागतंय?" बिडी ओढून झाली की थोटूक मातीत पुरायचं, वर पायानं दाबायचं आणि त्यावर आपल्या वाटणीच्या पाण्यातलं दोन घोट पाणी ओतायचं. आमच्याकडे प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आणि मावशी ते थोटूक बघून कपाळाला हात लावायची. "जित्या माणसाला पाणी न्हाई अन ह्यांचं बिडीला पाणी पाजणं चाललंय!"

एसटीत बसायचं तर मागच्या त्या दारापाशीच, जिथं 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं असतं. मी शाळेत जायला लागले तेव्हापासून ती पाटी त्यांना वाचून दाखवणं हे माझं काम. मावसांना अक्षर येत नव्हतं, पण पाटी बदलली तर नाही ना याची खात्री दर वेळी हवी असायची. एकदा गेवराईच्या रस्त्याला त्यांनी ते दार खरंच उघडतं का हे बघून घेतलं. उघडलं. गाडी थांबली, कंडक्टर उतरून मागं आला आणि म्हणाला, "काय बे, कुठं आलंय संकट?" मावसा हात जोडून म्हणाले, "अजून न्हाई आलं. आल्यावर उघडलं न्हाई तर काय घ्या, म्हून बघितलं." कंडक्टरनं दार आपटून लावलं आणि गेवराई येईपर्यंत आतून त्याला पाठ लावून उभा राहिला.

या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती वाटत नसे, ती म्हणजे बैल. गावात कुणाचा मारका बैल सुटला की सगळे पुरुष ओट्यांवर चढायचे, आणि वीज, विहीर, एसटी या सगळ्यांना भिणारे मावसा गल्लीत उतरून त्या बैलाच्या शिंगांपर्यंत चालत जायचे. त्याच्या मानेखाली खाजवत उभे राहायचे, जणू सोयरा भेटलाय. दात बघायला त्याच्या तोंडात हात घालायचे. बैलाच्या अंगावरचा भोवरा कुठं आहे, खूर कसे, चालताना मागचा पाय कुठं पडतो, यावर ते तासभर बोलायचे. माणसांवर मात्र चार वाक्यं बोलायची झाली तर आधी तीनदा मागं वळून बघायचे.

मावसा आणि मावशी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, सीमेपलीकडच्या कारखान्याला. तिथली भाषा कन्नड. पहिले दोन हंगाम मावसांनी तिथं भीतीचा नुसता महापूर अनुभवला. एक तर परका मुलूख, त्यात बोललेलं कळत नाही. ते मला सांगायचे, "दोघं जण हसले की वाटायचं, आपल्यावरच हसले. तिघं गप बसले की वाटायचं, आपल्याबद्दलच गप बसलेत." एकदा चहाच्या टपरीवर दोन माणसं त्यांच्याकडं बघून काहीतरी बोलली. मावसा चहा अर्धा टाकून कोपीवर आले. कोपी म्हणजे ऊसतोडवाल्यांची पाचटाची झोपडी. आत जाऊन त्यांनी दाराचं पोतं गोणपाटाच्या सुईनं आतून शिवून घेतलं. मावशी फडातून मोळी घेऊन आली तर घराला दारच नाही. तिनं बाहेरून जे सुनावलं ते मराठीत होतं, त्यामुळे ते मावसांना नीट कळलं, आणि त्यांनी टाका उसवला. ती दोन माणसं काय बोलली होती ते पुढं दोन वर्षांनी कळलं. 'बिचाऱ्याला साखर कमी पडली वाटतं', एवढंच.

तिसऱ्या हंगामाला त्यांच्या जोडीतला एक बैल लंगडायला लागला म्हणून मावसा तिथल्याच आठवडी बाजारात गेले. तिथं त्यांना बसू दिसला. करड्या रंगाचा, शिंगं मागं वळलेली, आणि मावसांच्या शब्दांत सांगायचं तर 'डोळ्यात तिट लावल्यावाणी'. विकणारा एक बोळका म्हातारा होता. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. मावसांना ही रीत फार आवडायची, कारण तिच्यात बोलावं लागत नाही. सौदा बोटांवर झाला, दावं हातात आलं. म्हाताऱ्यानं जाता जाता बैलाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हटलं. मावसांना वाटलं, रीत असेल.

दुसऱ्या दिवशी उसानं भरलेली टायरगाडी घेऊन मावसा कारखान्याच्या उतारावर आले. पुढं वजनकाट्यासाठी गाड्यांची रांग. मावसा ओरडले, "थांब!" जुना बैल थांबला. बसू चालत राहिला. त्यानं जन्मात मराठी ऐकली नव्हती. एक बैल थांबलेला, एक चाललेला, आणि वर टनावारी ऊस. गाडी जागच्या जागी वळली आणि कारखान्याच्या फाटकात आडवी होऊन अडकली. आमच्याच तालुक्यातला एक गाडीवान मागून ओरडला, "ए बे! फाटक लावायला ठिवलंय का बे तुला?" मावसा म्हणतात, त्यांना त्या वेळी ऐकू येत होतं, पण दिसत नव्हतं. मला हे खरं वाटतं. भीतीनं एखाद्याचं काहीही जाऊ शकतं.

कुणीही असता तर बैल परत केला असता. मावसा बसूला घेऊन त्या म्हाताऱ्याच्या दारात गेले ते परत करायला नाही, विचारायला. खुणा करून, स्वतः बैल होऊन, अंगणात थांबून, चालून दाखवून विचारलं. म्हातारा हसला. तोंडात दात नव्हता. त्यानं थांबायचं सांगितलं, 'निंद्र'. चालायचं, 'नडी'. मग बसूच्या कानाशी जाऊन परवाचा शब्द परत म्हटला, 'अंजब्याड', आणि मावसांच्या छातीवर हात ठेवून त्यांनाही तेच म्हटलं. भिऊ नको. दुसऱ्या भाषेत मावसांना कुणी मायेनं म्हटलेला हा पहिला शब्द, आणि तो त्यांच्या स्वतःच्या भाषेत त्यांना कुणी कधी म्हटला नव्हता. आम्ही सगळे त्यांना 'भित्रं' एवढंच म्हणत आलो होतो.

पुढं सुट्टीचा दिवस आला की मावसा म्हाताऱ्याच्या गोठ्यात. शिंग, खूर, कान, गोमाशी, ताप, पाणी, पेंड, वासरू. बोट दाखवायचं, शब्द घ्यायचा, बसूवर लावून बघायचा. तीन हंगामांत मावसा असं कन्नड बोलायला लागले की ऐकणारा थक्क व्हावा, फक्त ती सगळी भाषा गोठ्यातून आलेली होती. एका घरी जेवायला बोलावलं तर त्यांनी यजमानाला, बैलाचं वय विचारतात तसं, विचारलं, "तुमचं पोरगं दोन दाती का चार दाती?" मावशी आजारी पडली तेव्हा दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांना त्यांनी अस्खलित कन्नडमध्ये सांगितलं की हिनं दोन दिवस वैरण सोडली आहे, रवंथ बंद आहे आणि कान गार पडलेत. डॉक्टरांनी बरोबर औषध दिलं. सगळा दवाखाना हसला. मावसा ही गोष्ट सांगताना नेहमी इथं थांबायचे. म्हणायचे, "सगळे हसले, अन मलाबी हसू आलं. कावून हसायलेत ते कळत व्हतं ना! हसण्याचं कारण कळलं की हसण्याचं भ्या जातंय बग, पोरी."

गाडी हाकताना मात्र त्यांना दोन्ही भाषा लागायच्या, कारण जुना बैल मराठी आणि नवा कन्नड. "थांब, निंद्र!" "चल, नडी!" बसू आपला अर्धा शब्द येईपर्यंत हलत नसे. रस्त्यानं जाताना मावसा सभेत भाषण करत चाललेत असं वाटायचं.

इथं मी माझ्याबद्दल सांगून घेते. मी आमच्या दोन्ही घरांतली पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणी न विचारता सांगते आणि त्याची मला लाज नाही. पण खरं सांगायचं तर बीएला मी इंग्रजी पास झाले ते गाईडमधली उत्तरं पाठ करून. त्या वर्षी शेवटचा पेपर देऊन मी मावशीकडं आले तेव्हा मावसांनी विचारलं, "बीए, तुझ्या विंग्रजीत तानेजलेल्या बैलाला काय म्हणतेत?" मी जरा आठवून सांगितलं. "अन त्येला 'पी बाबा' म्हणायचं असंल, मायेनं, तर?" मला येईना. मला एका कवितेचा सारांश येत होता, त्यातल्या अलंकारांसकट. मावसा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत राहिले ती कीव होती, आणि पदवीधर माणसाला कीव सोसत नाही.

ते साल दुष्काळाचं होतं. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं टिकलं नाही. सहकारी साखर कारखान्यानं माळावर जनावरांची छावणी काढली होती. हिरव्या जाळीच्या सावलीत ओळीनं बांधलेली जनावरं, कानाला नंबरचा बिल्ला, दिवसाला मोजून वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, आणि पेंड, पाण्याला टँकर. माणसंही जनावरांपाशीच राहायची. मावसांचा जुना बैल उन्हाळ्याच्या तोंडाला गेला. त्यात मुकादमाचा निरोप आला, की पुढच्या हंगामाला सीमेपलीकडच्या कारखान्याला बैलगाड्या नकोत, सगळं ट्रॅक्टरवर. म्हणजे बसूला काम नाही, आणि छावणी उठली की चाराही नाही. विकावा लागणार हे मावशीनं बोलून दाखवलं. मावसांनी नुसती मान हलवली आणि त्या दिवसापासून त्यांना एक नवी भीती लागली. बाकीच्या भीतींची ते आम्हाला उठताबसता माहिती द्यायचे. ही त्यांनी चार दिवस कुणाला सांगितली नाही.

पाचव्या दिवशी मला म्हणाले, "बीए, त्यो कुठंबी गेला तरी मराठीतच जाणार. माणूस म्हणंल थांब, अन ह्यो थांबायचा न्हाई. माणूस म्हणंल, माजलाय. मग काठी. त्येला मार कावून पडला तेबी कळायचं न्हाई." मला ते शिवलेलं पोतं आठवलं.

मी म्हटलं, "मग गिऱ्हाइकालाच चार कन्नड शब्द शिकवा की."

"माणूस शिकत न्हाई बाई. माणसाला वाटतं, आपुन आपलं बोलावं अन समोरच्यानं समजून घ्यावं. बैलाला तसली मस्ती नसती. बसूलाच मराठी शिकवायची. तू शिकलेली हाईस, तू सांग कसं शिकवतेत."

विचारलं म्हटल्यावर मी कशाला मागं राहते? मी वहीच्या पानावर वेळापत्रक केलं. सकाळी 'थांब', दुपारी 'चल', संध्याकाळी उजळणी. बसूच्या समोर उभी राहून मी 'थांब' हा शब्द शंभर वेळा म्हटला. तो आधीच थांबलेला होता. दोन दिवसांनी त्यानं माझ्याकडं ज्या चेहऱ्यानं बघितलं तो मी ओळखत होते. आमचा सगळा वर्ग इंग्रजीच्या तासाला तोच चेहरा करून बसायचा. शेजारच्या दाव्याची म्हातारी माझ्या मावशीला म्हणाली, "तुजी भाची बैलाला मंतर घालती का काय गं?" मावशी म्हणाली, "न्हाई आत्या, कॉलेज काढलंय तिनं. ह्यांनी ॲडमिशन घेतलंय बैलाचं."

मावसांनी माझं वेळापत्रक घडी घालून खिशात ठेवलं. टाकून दिलं नाही, एवढा मान ठेवला. म्हणाले, "त्येला काय आवडतंय ते आदी बग. आवडीच्या मागून शब्द येतो. मला काय कुणी पाटीवर शिकवलं?" आणि त्यांनी छावणीभर फर्मान काढलं की बसूजवळ कन्नडचा एक शब्द निघता कामा नये. कन्नड बोलणारे ते एकटेच होते, त्यामुळे ते फर्मान स्वतःलाच. मग दिवसभर त्याच्याशी मराठीत बोलणं सुरू. पेंड आली, बसू. खा. मान वर कर, खाजवतो. आता इकडून. माशी बसली बघ. चल, सावलीत चल. थांब, दावं सोडतो. बसूनं उचललेला पहिला शब्द मात्र आम्ही कुणी शिकवला नव्हता. छावणीच्या टोकाला कुणी तरी 'टँकर' म्हणून ओरडलं की सगळी माणसं आणि सगळी जनावरं एकाच वेळी उठून उभी राहायची. आठवड्याभरात बसू सगळ्यांच्या आधी उठायला लागला. मावसांना एवढा आनंद झाला की त्यांनी तो टँकर नसतानाही दोनदा ओरडून बघितलं, आणि छावणीतल्या बायका घागरी घेऊन त्यांच्या मागं लागल्या.

हळूहळू 'चल' आलं, 'थांब' आलं, 'माघं सर' आलं. मला वाटलं, झालं. मी म्हटलं, "पास झाला की मावसा." ते म्हणाले, "तुझ्यासारखा झालाय. पेपरापुरता." मला राग आला, पण दुसऱ्याच दिवशी दुपारी ते खरं ठरलं.

वादळ आलं. पाऊस नाही, नुसती धूळ. माळाच्या त्या टोकाला आभाळापर्यंत लाल भिंत उभी राहिली आणि बघता बघता आमच्यावर आली. जाळ्या फाटून उडाल्या, पत्रा करकरत गेला, बायकांचं ओरडणं आणि जनावरांचं हंबरणं एकच झालं. बसूनं दावं तोडलं. छावणीच्या मागं मुरमाची खोल खदान होती. तो सरळ तिकडं पळत सुटला. आणि त्याच्या मागं आमचे मावसा, जे विहिरीत दहा पावलं लांबून डोकवायचे. मीही पळत होते. तोंडात माती, डोळे उघडत नव्हते, फक्त मावसांचा आवाज ऐकू येत होता. "थांब! बसू, थांब! थांब रं!" खुरांचा आवाज थांबला नाही. तो खड्ड्यात गेला, आता आवाज येईल, असं मला वाटलं आणि मी जागच्या जागी कान झाकले. तेवढ्यात मावसांचा आवाज फाटल्यासारखा आला, "निंद्र! निंद्र! अंजब्याड!" मी हात काढले. खुरांचा आवाज येत नव्हता.

धूळ बसली तेव्हा बसू खदानीच्या काठापासून दोन हातांवर उभा होता आणि मावसा त्याच्या मानेला मिठी मारून. मग मावसांनी खाली बघितलं. आपण कुठं उभे आहोत हे कळल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटले ते उघडेनात. त्यांच्या हातात बैलाचं शेपूट देऊन त्यांना परत आणावं लागलं. लोक हसले. मावसा हसले नाहीत.

"भ्यालं की त्येला मराठी सुटती," ते त्या संध्याकाळी मला म्हणाले. "माझंबी तसंच व्हायचं. पोट भरलेलं असलं की कन्नड लई यायचं. कुणी दरडावलं की माझ्या आईच्या बोलीशिवाय काय सुचायचं न्हाई. थांब-चल येऊन काय उपेग? भ्या वाटल्यावर कळंल असा एक तरी शब्द पायजे त्येला, मराठीत."

आणि मग तालुक्यातल्या सगळ्यात भित्र्या माणसानं एका बैलाला 'भिऊ नको' शिकवायला घेतलं. वावटळ उठली, टँकरचा हॉर्न वाजला, शेजारचा बैल हुंदडला, की मावसा त्याच्या कानाशी. आधी 'अंजब्याड, भिऊ नको'. मग 'भिऊ नको, अंजब्याड'. मग पहिला शब्द पुटपुटल्यासारखा. मग नाहीच. म्हणताना ते स्वतःच बैलाच्या मानेआड सरकायचे, कारण हॉर्नला तेही दचकायचे. मी एकदा म्हटलं, "मावसा, तुम्हीच भिताय की." म्हणाले, "मग? न भिणाऱ्यानं म्हणून काय उपेग?"

तोवर छावणीत दलाल फिरायला लागले होते. कुठून आलो सांगायचे, कुठं नेतो सांगायचे नाहीत. त्यातला एक दोनदा बसूपाशी उभा राहून गेला. मावसांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी माजलगावच्या बाजूचा एक शेतकरी आला, कालव्याकाठचा, जाड अंगाचा, मोठ्या आवाजाचा. त्याच्या जोडीतला एक बैल गेला होता. तो दावं धरून बसूला फिरवायला लागला. "चल." बसू चालला. "थांब." थांबला. मावसा लांब उभे होते आणि ओठ दाबून बघत होते.

नेमकी तेव्हाच कारखान्याची जीप आत शिरली. तिच्यावर भोंगा. छावणी परवा बंद होणार, जनावरं घेऊन जावीत, असं तो भोंगा बसूच्या कानाशीच किंचाळला. बसू मागच्या पायांवर उठला. दावं शेतकऱ्याच्या हातातून निम्मं निसटलं. मी मावसांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं होतं. त्यातून कुठला शब्द येणार हे मला माहीत होतं, आणि तो आला तर हा माणूस बैल घेणार नाही, मग परवा उरलेला तो दलाल, हेही. मावसांनी तोंड मिटलं. मग मराठीत शेतकऱ्याला ओरडून म्हणाले, "पाव्हणं, कानात! त्येच्या कानात सांगा, भिऊ नको म्हून!"

"आँ?"

"सांगा वो!"

तो मोठ्या आवाजाचा माणूस जरा लाजला, मग बसूच्या कानाशी वाकला. काय म्हणाला ते भोंग्यात ऐकू आलं नाही. बसूचं अंग थरथरत होतं, नाकपुड्या फुलल्या होत्या. पण चारही पाय जमिनीवर आले, आणि तो उभा राहिला.

सौदा रुमालाखाली झाला. तो लवकर व्हायला हवा होता, पण होईना. दोघांचे हात आत, आणि मावसा काही सोडेनात. शेवटी तो शेतकरी म्हणाला, "आवो, ठरलं की मघाच. हात सोडा." मावसांनी सोडला. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "तळहात चाचपत व्हतो. हाताला काठीचा घट्टा हाय का बघत व्हतो. नांगराचा हाय. काठीचा न्हाई."

बसू निघाला. छावणीच्या फाटकाशी त्यानं थांबून मागं बघितलं. मावसांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि तोंडात कोंबला. एक शब्द निघाला असता तर तो बैल दावं तोडून आला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेतकरी म्हणाला, "चल." बसू वळला. ते दोघं दिसेनासे होईपर्यंत मावसांनी रुमाल काढला नाही.

माझा निकाल लागला, मी पास झाले. पुढं माजलगावला एका पतसंस्थेत मला नोकरी लागली. एके दिवशी तोच शेतकरी खातं काढायला समोर उभा. मी आधी बसूचं विचारलं. "लई गुणाचा," तो म्हणाला. मग जरा थांबून, आवाज शक्य तितका बारीक करून, "पर ताई, आभाळ गडगडलं की लई भितो. भिऊ नको म्हणलं की उभा ऱ्हातो, पर कान टवकारून, आजून कायतरी ऐकायचं ऱ्हायल्यावाणी. त्ये तुमचं मावसा त्येला दुसरं कायतरी म्हणायचे का?"

मी सांगितलं, 'अंजब्याड'. तो शब्द त्यानं काउंटरशी तीनदा म्हणून बघितला, तिन्ही वेळा वेगळा. मग म्हणाला, "लिहून द्या. न्हाई, ऱ्हाऊ द्या, पाठ करतो." आणि पुटपुटत पायऱ्या उतरून गेला. मागं रांगेतली माणसं हसत होती.

रविवारी मी मावसांकडं गेले. ते ओट्यावर बसले होते. त्यांना हे सांगायची मला भीतीच वाटत होती, कारण बसू अजून भितो हे त्यात आलं असतं. पण सांगितलं. ते ओट्यावर सरकून माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "कसं म्हणतो त्यो? म्हणून दाव."

मी त्या शेतकऱ्यासारखं म्हणून दाखवलं. मावसा हसले, आणि हसता हसता त्यांनी रुमालानं डोळे पुसले. "चुकतंय लेकाचं," ते म्हणाले. "पर कळंल त्येला. शिकायलाय म्हणतीस ना?"

"हो. पाठ करतोय."

उगवतीला, माजलगावच्या अंगाला, काळे ढग जमले होते. लांब कुठंतरी गडगडलं. मावशी आतून ओरडली, "आवो, या आत, ढग आलेत!" मावसांनी ऐकलं, पण उठले नाहीत. ते तिकडं बघत राहिले. दुसऱ्यांदा गडगडलं तेव्हा त्यांचा हात ओट्याच्या कडेवर घट्ट झाला. ओठ हलले. आवाज आला नाही. मला कन्नड येत नाही, पण तेवढं कळलं.